आदरांजली कोणाला? : जितेंद्र अभिषेकी यांची नाट्यपदे आणि तरुण गायकांचे सादरीकरण

प्रस्तावना :

पाश्चात्त्य ऑपेराच्या जगात दिवंगत संगीतकाराच्या स्मृतिदिनी तरुण गायक-गायिकांनी एकत्र येऊन त्याच्या रचना सादर कराव्यात, ही प्रथा चांगलीच रुजलेली आहे. जाकोमो पुच्चिनी (१८५८-१९२४) या इटालियन संगीतकाराच्या मृत्यूला २०२४ साली शंभर वर्षे पूर्ण झाली, तेव्हा अशा मैफली अनेक देशांत झाल्या. मराठी रंगभूमीशी या प्रथेचे नाते वाटते तितके दूरचे नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात एका पारशी मंडळीचा 'ऑपेरा' म्हणून जाहीर झालेला प्रयोग पाहिला आणि त्यातून त्यांना संगीत नाटकाची कल्पना सुचली, असे नाट्येतिहासकार सांगतात. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आले आणि मराठी माणसाला स्वतःची, स्वतःच्या मातीतली गाणारी रंगभूमी मिळाली. आज त्या रंगभूमीचे संगीतकारही स्मरणाचे विषय झाले आहेत. भास्करबुवा बखले, गोविंदराव टेंबे, मास्टर कृष्णराव, जितेंद्र अभिषेकी यांच्या नाट्यपदांच्या मैफली होतात आणि त्यांत तरुण गायक हिरिरीने गातात.

या मैफलींना गर्दी होते, टाळ्या पडतात, जुन्या आठवणी जाग्या होतात. परंतु समीक्षेच्या दृष्टीने एक मूलभूत प्रश्न अनुत्तरितच राहतो. ही आदरांजली नेमकी कोणाला वाहिली जाते? ज्याने पद रचले त्या संगीतकाराला, ज्याने ते प्रथम गाजविले त्या गायकाला, की श्रोत्याच्या स्वतःच्या तारुण्याला? प्रस्तुत लेखात पं. जितेंद्र अभिषेकी यांच्या नाट्यसंगीताच्या, विशेषतः 'कट्यार काळजात घुसली' या नाटकाच्या २०१० मधील पुनरुज्जीवनाच्या व २०१५ मधील चित्रपटाच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

ऑपेरातील आदरांजली : लिखित स्वरांचे बंधन

ऑपेरामध्ये संगीतकार हाच कृतीचा मुख्य कर्ता मानला जातो. 'तोस्का' म्हटले की पुच्चिनी, 'ऐदा' म्हटले की व्हेर्दी. संहिता लिहिणाऱ्याचे नावही सामान्य श्रोत्याला ठाऊक नसते. ही स्थिती मात्र आरंभापासून नव्हती. अठराव्या शतकात इटालियन ऑपेरावर गायकांचे राज्य होते. संगीतकाराने सांगाडा द्यावा आणि गायकाने त्यावर आपल्या अलंकरणाचा साज चढवावा, हीच रीत होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रोस्सिनी यांनी अलंकरणाच्या जागा स्वतःच लिहून देण्यास सुरुवात केली. पुढे व्हेर्दी यांनी १८४० च्या दशकात प्रकाशकाशी केलेल्या करारात आपल्या स्वरलेखनात फेरफार करणाऱ्या नाट्यगृहाला दंड व्हावा अशी अट घातली. गायकाकडून संगीतकाराकडे झालेले हे सत्तांतर ऑपेराच्या इतिहासातील फार मोठे वळण होय.

या वळणाचा परमोच्च बिंदू म्हणून एक घटना सांगितली जाते. पुच्चिनी यांचा 'तुरांदोत' हा ऑपेरा त्यांच्या मृत्यूमुळे अपुरा राहिला. शेवटचा भाग फ्रांको आल्फानो यांनी पूर्ण केला. २५ एप्रिल १९२६ रोजी मिलान येथील 'ला स्काला' नाट्यगृहात पहिला प्रयोग झाला, तेव्हा वृंदसंचालक आर्तुरो तोस्कानिनी यांनी पुच्चिनींच्या हातचे संगीत जेथे संपते तेथेच प्रयोग थांबविला. आदरांजलीचे याहून नेमके रूप क्वचितच आढळेल. जेथे कर्त्याचा शब्द संपला, तेथे सादरकर्ता गप्प झाला.

तथापि मैफलीच्या मंचावर ऑपेराची स्थिती इतकी सोवळी राहत नाही. याच 'तुरांदोत'मधील 'नेस्सून दोर्मा' हे गीत १९९० साली रोम येथे झालेल्या तीन गायकांच्या प्रसिद्ध मैफलीनंतर जगभर पोहोचले. मूळ ऑपेरात हे गीत कोठेही थांबत नाही. ते थेट पुढच्या संगीतात मिसळून जाते. मैफलीत टाळ्यांसाठी त्याला वेगळा शेवट जोडावा लागतो. अखेरचा जो तारस्वर ऐकण्यासाठी श्रोते श्वास रोखून बसतात, तो पुच्चिनींनी लिहिताना क्षणमात्रच ठेवला होता. गायक तो लांबवीत गेले आणि तीच रूढी झाली. म्हणजे लिखित स्वरांचे बंधन असलेल्या परंपरेतही, नाटकातून गीत वेगळे काढले की संगीतकाराचा अधिकार सैल होतो आणि गायकाचा वाढतो.

संगीत नाटक : गायकाचे राज्य

मराठी संगीत नाटकात गायकाची सत्ता कधी गेलीच नाही. 'शाकुंतल'मधील पदे साकी, दिंडी, कीर्तनातील चाली अशा परिचित वळणांवर बेतलेली होती. १९११ च्या 'मानापमान'मध्ये गोविंदराव टेंबे यांनी आणि १९१६ च्या 'स्वयंवर'मध्ये भास्करबुवा बखले यांनी रागसंगीताचे वैभव रंगभूमीवर आणले. तेथून नाट्यपद हे छोट्या मैफलीचे रूप घेऊ लागले. बालगंधर्वांच्या पदाला एकामागून एक 'वन्स मोअर' मिळत आणि नाटक तेवढा वेळ थांबून राही. श्रोत्याच्या मनात 'स्वयंवर'ची पदे ही बालगंधर्वांची पदे झाली. ती भास्करबुवांची आहेत हे जाणकारांपुरतेच उरले.

याचे एक कारण आपल्या संगीताच्या स्वरूपात आहे. हिंदुस्थानी परंपरेत बंदिश हे बीज असते आणि विस्तार गायकाने करावयाचा असतो. भातखंडे व पलुस्कर यांनी स्वरलिपी दिली. परंतु तिच्यात गायकीची वळणे, मींड, आघात व श्वास मावत नाहीत. दुसरे कारण ध्वनिमुद्रणाचे आहे. तबकडीवर जे तीन-साडेतीन मिनिटांत बसले, तेच पुढील पिढ्यांच्या कानात 'मूळ पद' म्हणून राहिले. परिणामी मराठी नाट्यपदाला लिखित स्वरांऐवजी गाजलेली तबकडी हाच आधारग्रंथ ठरला, आणि तबकडीवर आवाज असतो तो गायकाचा. तरुण गायक जेव्हा 'मूळ चालीबरहुकूम' गातो असे म्हणतो, तेव्हा तो पुष्कळदा रचनेऐवजी एका विशिष्ट गळ्याची नक्कल करीत असतो. त्या गळ्याच्या मर्यादा, त्या दिवशीची लहर, एखादी सहज घेतलेली जागा, हे सर्व तो रचनेचा भाग समजून उचलतो.

अभिषेकींचे कार्य : गळा, पात्र आणि प्रसंग

या पार्श्वभूमीवर जितेंद्र अभिषेकी (१९२९-१९९८) यांचे कार्य पाहावे लागते. गोव्यातील मंगेशी येथे जन्मलेल्या अभिषेकींना घरीच कीर्तनाचा वारसा लाभला. पुढे अजमत हुसेन खाँ, जगन्नाथबुवा पुरोहित, गुलूभाई जसदनवाला अशा भिन्न परंपरांतील गुरूंकडून त्यांनी विद्या मिळविली. मुंबई आकाशवाणीवरील नोकरीने त्यांना श्रवणमाध्यमाची शिस्त दिली. 'संगीतिका' हा ऑपेराला जवळचा प्रकारही त्यांना अपरिचित नव्हता. मंगेश पाडगावकरांच्या 'बिल्हण' या संगीतिकेत पु. ल. देशपांडे यांच्या संगीतरचना त्यांनी गायल्या होत्या.

वसंत कानेटकरांच्या 'मत्स्यगंधा' (१९६४) या नाटकापासून त्यांच्या नाट्यसंगीताची ओळख महाराष्ट्राला झाली. त्यांच्या आगमनाने नाट्यपद आटोपशीर झाले, हे सर्वमान्य मत आहे. पण आटोपशीरपणा हा परिणाम होय. कारण वेगळे आहे. अभिषेकींनी चाल बांधताना तीन गोष्टी एकत्र पाहिल्या : पद कोणत्या प्रसंगात येते, ते कोणते पात्र गाते आणि ते पात्र रंगविणाऱ्या नटाचा गळा कसा आहे. 'मत्स्यगंधा'त रामदास कामत यांच्या तयारीच्या, खड्या आवाजासाठी 'देवाघरचे ज्ञात कुणाला' सारखे पद आहे, तर आशालता वाबगावकर यांच्यासारख्या प्रामुख्याने अभिनेत्री असलेल्या कलावतीसाठी 'गर्द सभोती' हे भावगीताच्या अंगाने जाणारे पद आहे. एकाच नाटकात दोन पदांचे वजन इतके वेगळे ठेवणे, ही संगीतकाराची नाट्यदृष्टी होय. गायिकेला तानांची संधी दिली नाही, ही येथे उणीव ठरत नाही. त्या मुलीच्या तोंडी तान शोभली नसती, हे संगीतकाराने ओळखले होते.

'कट्यार काळजात घुसली' (१९६७) हे नाटक या दृष्टीने अपवादात्मक वाटते, कारण त्यात विस्ताराला भरपूर वाव आहे. नागपूरचे पुरुषोत्तम दारव्हेकर यांनी लिहिलेल्या या नाटकाचा विषयच गायकीचा आहे. राजगायकपदावरून पंडित भानुशंकर व खाँसाहेब आफताब हुसेन यांच्यातील स्पर्धा, दोन घराण्यांचा अभिमान आणि पंडितजींकडे शिकण्याच्या आशेने आलेल्या सदाशिवाची विद्येची तहान, यांवर ते उभे आहे. येथे गाणे हाच प्रसंग आहे. म्हणून येथे तान आली तर ती नाटकाला अडवीत नाही. ती पात्राचा अहंकार, आव्हान किंवा व्यथा होऊन येते. 'घेई छंद मकरंद' हे पद याचे उत्तम उदाहरण आहे. तेच शब्द नाटकात दोनदा येतात : एकदा सालगवराळीत, पंडितजींच्या गायकीला अनुसरून, शांत व अंतर्मुख, दुसऱ्यांदा धानीत, खाँसाहेबांच्या गायकीचा आक्रमक, लखलखीत आवेश घेऊन. शब्द एकच असताना केवळ सुरांनी दोन माणसे व दोन जीवनदृष्टी उभ्या करणे, हा अभिषेकींच्या नाट्यसंगीतातील एक उच्च क्षण मानावा लागेल. मूळ संचात भार्गवराम आचरेकर, वसंतराव देशपांडे, प्रसाद सावकार व फैय्याज असे परस्परांहून निराळ्या घडणीचे गळे होते. ते वेगळेपण संगीतकाराने जपले आणि त्याचेच नाटक केले.

पुनरुज्जीवन : दोन वारसदार

२०१० साली सुबोध भावे यांच्या दिग्दर्शनाखाली 'कट्यार' पुन्हा रंगभूमीवर आले. खाँसाहेबांच्या भूमिकेत राहुल देशपांडे आणि सदाशिवाच्या भूमिकेत महेश काळे होते. या पात्रयोजनेत एक विलक्षण योग आहे. राहुल देशपांडे हे मूळ खाँसाहेब वसंतराव देशपांडे यांचे नातू, तर महेश काळे हे संगीतकार अभिषेकी यांचे शिष्य. म्हणजे एकाच रंगमंचावर एक तरुण गायकाचा वारसा घेऊन उभा होता आणि दुसरा संगीतकाराचा. लेखाच्या आरंभी उपस्थित केलेला प्रश्न या प्रयोगात दोन व्यक्तींच्या रूपाने समोर आला.

राहुल देशपांडे यांच्यापुढील अडचण अधिक कठीण होती. वसंतरावांची गायकी ही कोणाला सहज पेलावी अशी नव्हे. अनपेक्षित वळणे घेणारी तान, लयीशी चाललेला खेळ, शब्दावर अचानक पडणारा आघात, ही तिची लक्षणे होत. तिची नक्कल केली तर नातवाचे कौतुक होणार. ती सोडली तर 'ते खाँसाहेब राहिले नाहीत' अशी तक्रार होणार. सुरुवातीच्या प्रवेशांत आजोबांची छाया गडद असणे स्वाभाविकच होते. परंतु नाटकाचे बंधन येथे उपकारक ठरते. खाँसाहेब हे पात्र मैफलीतील गायकाप्रमाणे केवळ दाद घेत नाही. त्याला जिंकून घेतलेल्या हवेलीत सतावणारे रितेपण आहे, शिष्यत्व मागणाऱ्या मुलाला नकार देताना होणारी घालमेल आहे. गायक या पात्रात शिरला की तानेला कारण मिळते, आणि कारण मिळालेली तान उसनी वाटत नाही.

महेश काळे यांच्या सदाशिवाचा प्रश्न वेगळा आहे. सदाशिव हा विद्यार्थी आहे. खाँसाहेबांच्या हवेलीत कानावर पडेल ते तो चोरून टिपतो. येथे गायकाने आरंभापासूनच पूर्ण तयारीचे गाणे गायले, तर पात्राचा प्रवासच संपतो. काळे यांच्या गायनातील प्रसन्नता व स्वरलगाव यांना अभिषेकींच्या तालमीचा आधार आहे. मात्र त्यांची तयारी कधीकधी सदाशिवाच्या वयाच्या पुढे धावते, हेही नमूद करावयास हवे. तरीही शेवटच्या प्रवेशात, जेथे पोलादाच्या कट्यारीऐवजी सूरच काळजात घुसतो, तेथे दोन वारसांची भेट होते. गायकाचा वारसा संगीतकाराच्या वारशाला ऐकतो. हा अर्थ मैफलीत निर्माण होऊ शकला नसता.

चित्रपटाने काय दिले, काय घेतले

२०१५ साली प्रदर्शित झालेल्या, सुबोध भावे दिग्दर्शित चित्रपटात अभिषेकींच्या मूळ रचनांच्या जोडीने शंकर-एहसान-लॉय यांच्या नव्या रचना आल्या. 'अरुणी किरणी' या गीतासाठी महेश काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ज्या पिढीने संगीत नाटक कधी पाहिले नव्हते, तिच्यापर्यंत ही पदे पोहोचली, हे चित्रपटाचे श्रेय निर्विवाद आहे.

पण संगीतकाराच्या दृष्टीने पाहता दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. एक, जुन्या व नव्या रचना एकाच झगमगत्या वाद्यमेळात मिसळल्यामुळे कोणते संगीत कोणाचे, हा भेद सामान्य श्रोत्याच्या लेखी पुसला गेला. दोन, वसंतरावांच्या कंठातून अजरामर झालेली 'सुरत पिया की' ही रागमाला चित्रपटात दोन गायकांच्या जुगलबंदीचे रूप घेते. दृश्यमाध्यमाच्या गरजेने तो बदल परिणामकारक ठरतो, हे मान्य केले पाहिजे. मात्र एका गायकाच्या मनातील रागांचा प्रवास आणि दोन गायकांमधील चढाओढ, हे दोन भिन्न नाट्याशय आहेत. पुढे मैफलींतून हे पद बहुधा चढाओढीच्या अंगानेच ऐकू येऊ लागले, ही चित्रपटाच्या यशाची दुसरी बाजू होय. तबकडीनंतर आता चित्रपट हा नवा आधारग्रंथ झाला आहे.

मैफल आणि श्रोता

नाट्यपदांच्या आदरांजलीपर मैफलींचा साचा ठरलेला आहे. निवेदक आठवणी सांगतो, गायक गाजलेली पदे गातो, शेवट भैरवीने होतो. या साच्यात 'घेई छंद'ची एकच आवृत्ती, बहुधा धानीतली, गायली जाते. कारण टाळी तिलाच पडते. जोडीतील शांत आवृत्ती गळाली की रचनेतील विरोध नाहीसा होतो आणि उरते ती केवळ एक वेगवान चीज. तरुण गायक तिच्यात पाच मिनिटांच्या ताना घालतो, आणि संगीतकाराने ज्या ठिकाणी हात आखडता घेतला होता ते ठिकाणच हरवते. ज्याने नाट्यपदाला प्रसंगाचे भान दिले, त्याच्या स्मरणार्थ प्रसंगावाचून पदे गाणे, हा यातील अंतर्विरोध आहे.

यावर 'नाटकच होत नसेल तर पदे तरी जगावीत' असा युक्तिवाद केला जातो. तो टाकाऊ नाही. बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यातील अमडापूरसारख्या गावाचा विचार केला तर त्याचे बळ कळते. जिवंत साथसंगतीसह पूर्ण संगीत नाटक अशा गावी येणे दुरापास्त आहे. येथील श्रोत्याला ही पदे आकाशवाणीने, ध्वनिफितींनी आणि अलीकडे चित्रपटाने दिली. वास्तविक 'कट्यार'वर विदर्भाचा हक्क मोठा आहे. नाटककार दारव्हेकर नागपूरचे आणि वसंतराव देशपांडे शेजारच्या अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूरचे. असे असूनही आपल्या महाविद्यालयांच्या युवक महोत्सवांत गायन आणि एकांकिका हे दोन स्वतंत्र कलाप्रकार राहतात. नाट्यपद गायले गेले तरी ते गायनाच्या रकान्यात गायले जाते. नाटक करणाऱ्या मुलांना त्याचा पत्ता नसतो. पद जगते, पण अनाथ होऊन जगते.

यावरचा उपाय खर्चिक नाही. 'घेई छंद'च्या दोन्ही आवृत्ती दोन गायकांनी एकापाठोपाठ गाव्यात. पदापूर्वीचा प्रवेश दोन नटांनी पाच मिनिटे करून दाखवावा. पदाची लांबी प्रसंगाने ठरवावी. एवढ्यानेही आठवणींच्या निवेदनापेक्षा अधिक काही श्रोत्याच्या पदरी पडेल, आणि गाणाऱ्या मुलाला आपण कोण म्हणून गातो आहोत, हे कळेल.

निष्कर्ष :

१. ऑपेरात संगीतकाराला आदरांजली वाहणे म्हणजे त्याने लिहिलेल्या स्वरांशी एकनिष्ठ राहणे होय. मराठी नाट्यसंगीतात असे लिखित बंधन नसल्यामुळे ही निष्ठा बहुधा गाजलेल्या गायकाच्या ध्वनिमुद्रणाकडे वळते.

२. अभिषेकींची रचना ही केवळ चाल नसून प्रसंग, पात्र व गळा यांच्या मेळातून घेतलेला निर्णय आहे. त्यामुळे तिच्याशी एकनिष्ठ राहणे म्हणजे त्या निर्णयामागील कारण ओळखणे होय.

३. २०१० च्या पुनरुज्जीवनात तरुण गायकांना पात्राचे बंधन लाभले आणि त्यामुळेच त्यांना नकलेतून बाहेर पडण्याची वाट मिळाली. चित्रपटाने पदांचा प्रसार केला. पण संगीतकाराची ओळख काही अंशी धूसर केली.

४. मैफलीचा प्रकार त्याज्य नाही. तिने पदासोबत प्रसंगाचीही आठवण ठेवली, तर दूरच्या गावातील श्रोत्यालाही संगीतकार भेटू शकतो.

तोस्कानिनी यांनी जेथे संगीत संपले तेथे थांबून आदर व्यक्त केला. आपल्या परंपरेत बीज गायकाच्या हाती सोपविलेले असते, म्हणून येथे थांबून चालणार नाही. पुढे गावेच लागेल. मात्र पुढे कोठे जावयाचे, हे नाटकातील सदाशिवाने दाखवून दिले आहे. हवेलीत ऐकलेले सगळे तो पचवितो आणि शेवटी स्वतःच्या आवाजात गातो. तरुण गायकांकडून अभिषेकींना हीच आदरांजली अपेक्षित आहे.